टीव्हीतल्या बाईवर घातलेलं गाऱ्हाणं

बोरमाची, २२ जानेवारी १९९९

अनसूया,

वर 'चि. सौ.' लिहायला हात गेला आणि थांबला. मुरारीला जाऊन चार वर्षं होतील. तेव्हा मी आले नाही, दोन ओळींचं कार्डही टाकलं नाही, आणि आता मायना काय लिहावा इथेच अडले आहे. म्हणून नुसतं नाव लिहिते. नको वाटलं तर पुढचं वाचू नकोस, चुलीत घाल.

पत्ता गीताबाईच्या चंदूने दिला. तुमच्याच चाळीत खाली राहतो म्हणे. गौतमीला नोकरी लागली हेही त्यानेच सांगितलं. इथून गेली तेव्हा सहा वर्षांची होती, दात पडलेले होते. बरं वाटलं ऐकून.

इकडचं सगळं तसंच आहे. सासूबाई गेल्या ते तुला कळलं असेल. तुझे भावजी, म्हणजे आमचे हे, गुरांच्या मागे असतात, दोन म्हशी आहेत, त्यातली एक गाभण. मी बालवाडी चालवते. माझ्या मुंबईवाल्या थोरल्या मुलाने गणपतीला टीव्ही आणला. महाडात इस्माईलच्या दुकानातून घेतला, आंबेनळीत एसटीतून उतरवला आणि डोक्यावर घेऊन डोंगर चढला. वाडीत हा एकच टीव्ही. त्यामुळे दर गुरुवारी साडेसातला सगळ्या बायका माझ्या ओटीवर. भावजी बाहेर बांबूवरचा अँटेना फिरवत उभे राहतात आणि आतून ओरडा होतो, "आलं, आलं, आता हालू नका!" बिचारे अर्धा तास बांबू धरून उभे.

'काळ्या कमानीचा बंगला' नावाची मालिका लागते. तू बघतेस का? जुना बंगला, तळघर, आपोआप वाजणारी पेटी, आणि रत्नप्रभा नावाची थोरली सून. तिला धाकटी जाऊ डोळ्यासमोर नको. दिवाणजी तिला सामील. काल तिने काळ्या कापडाची बाहुली करून धाकटीच्या उशीखाली ठेवली आणि सगळ्यांसमोर आपणच शोधून काढली. बंगल्यातली माणसं धाकटीलाच चेटकीण म्हणायला लागली. आमच्या बायांनी कडाकडा बोटं मोडली. रंगूबाई म्हणाली, "हिचा मुडदा बशीवला हिचा!" मीही बोटं मोडली.

आठवण आली म्हणून लिहिलं. दुसरं काही कारण नाही.

नूतन

•

बोरमाची, १९ फेब्रुवारी १९९९

अनसूया,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नव्हते, तरी पोस्टमन खालच्या वाटेने गेला की नजर जाते.

एक गंमत लिहायची आहे. वाचून हसशील. तू पूर्वी कशी तोंडाला पदर लावून हसायचीस, सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून.

त्या रत्नप्रभेचं पाप काही भरेना. धाकटीला तळघरात कोंडली, तिच्या नवऱ्याला परगावी धाडला, दिवाणजीने खोटी चिठ्ठी लिहिली. आठ आठवडे झाले, तिचा केसही वाकडा होत नाही. रंगूबाईला झोप येईना. तिचं तुला माहीत आहेच, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. ती म्हणाली, "अगो, देवाला सांगितल्याबिगर काय व्हनार हाय? गाऱ्हानं घालूया."

मी म्हटलं, नाटक आहे ते. गीताबाई माझ्यावरच उखडली. "नाटक हाय ते आमाला बी कळतंय गो. पन आसल्या बाया आसतात का नाय जगात? त्यांच्या नावानं घालूया." यावर मी काय बोलणार?

मंगळवारी दहा-बारा जणी वाघजाईच्या देवळात गेलो. नारळ माझ्या घरचा, कारण टीव्ही माझ्या घरचा. सदू गुरव समोर उभा राहिला, डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"कुनावर घालायचं?"

"रत्नप्रभेवर."

"गाव?"

रंगूबाई म्हणाली, "बंगला हाय तिचा मोठा."

"अगो, बंगला कुठं हाय? नाव पायजे, गाव पायजे, घरानं पायजे. त्याबिगर देवीनं शोधायची कुठं तिला? आई काय टीव्हीत शिरनार हाय?"

बायका हसायला लागल्या, पण मागे हटायला तयार नाहीत. नारळ फोडल्याशिवाय परत न्यायचा नसतो. शेवटी सदूनेच तोड काढली. नाव-गाव नसेल तर करणी सांगायची, देवी करणीवरून माणूस ओळखते, असं त्याचा बाप म्हणायचा म्हणे. मग त्याने खणखणीत आवाजात घातलं, "आई वाघजाई, ही तुजी लेकरं तुज्या पायाशी उभी हायत. जिनं कुनी आपल्या जावंवर खोटा आळ घेतला आसंल, वस्तू आपुन ठेवून तिच्या नावावर घातली आसंल, घरातनं उठवली आसंल, ती जिथं आसंल तिथं तिला धर. तिचं तिच्या पदरात घाल."

सगळ्या म्हणाल्या, "व्हय गो माये."

मीही म्हणाले. न म्हणून कसं चालेल? नारळ माझाच होता.

बस, एवढीच गंमत.

नूतन

•

बोरमाची, १२ मार्च १९९९

अनसूया,

हे पत्र एका हाताने कागद दाबता येत नाही म्हणून वेडंवाकडं येतंय. डावं मनगट मोडलं. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या पायरीवरून पाय सरकला. रोजची पायरी, बावीस वर्षं चढते-उतरते आहे. पोलादपूरला जाऊन प्लास्टर घातलं. त्याच्या आधल्या आठवड्यात म्हैस गाभडली.

बायका हसून म्हणतात, "देवीनं घर चुकवलंन वाटतं!" मी पण हसते. रत्नप्रभा तिकडे ठणठणीत आहे, काल नवा शालू नेसली होती.

आता हसून हसून दमले, अनसूया. बोलायला तुझ्याशिवाय मला दुसरं कुणी नाही, आणि तू तर बोलतच नाहीस. पण तुला सगळं माहीत आहे, म्हणून तुलाच लिहिता येतं. तुझ्या ट्रंकेत जे सापडलं ते तू ठेवलं नव्हतंस हे जगात दोघींनाच ठाऊक आहे. एक तू आणि दुसरी मी.

लिंबू मी ठेवलं. माझ्याच चोळीची चिंधी फाडून, माझेच केस गुंडाळून, कुंकू लावून. दुपारी सगळी शेतावर गेली होती तेव्हा. ट्रंकेला कुलूप नव्हतं, तू कधी लावलंच नाहीस.

माझं चार महिन्यांचं पोर त्या श्रावणात गेलं, ते दुःख खरं होतं. वेडी झाले होते, तेही खरं. भगत आला आणि म्हणाला की घरातल्याच कुणाचं तरी आहे, तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. पण मी हे सगळं दुःखाच्या भरात केलं असं आजवर स्वतःला सांगत आले, ते खोटं आहे. बालवाडीचा अर्ज तू भरला होतास. वाडीत दहावी झालेली तू एकटी. मी महाडची, शहरातली म्हणून मिरवणारी, आणि शिक्षण आठवी. तुला ती जागा मिळणार हे मुख्यसेविका बाई सासूबाईंना सांगून गेल्या होत्या. धाकटी बाहेर जाऊन मानाने बसणार आणि थोरलीने शेण काढायचं. मला ते सहन होईना. भगत येणार हे कळलं तेव्हा पहिला विचार पोराचा आला नाही, अर्जाचा आला.

तू गेलीस आणि चार महिन्यांनी आठवीवरच मला घेतलं, दुसरी कुणी नव्हती म्हणून. तेरा वर्षं मी त्या खुर्चीत बसते आहे.

माफी मागायला तोंड नाही. मागत नाही. पण एक विचारते. गाऱ्हाणं उतरवायचं तर ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच येऊन 'माझं काही म्हणणं नाही' असं देवीपुढे सांगावं लागतं. तू एकदा येशील का? एसटीने आंबेनळीपर्यंत ये, तिथून मी घ्यायला येईन.

लिहून झाल्यावर वाचलं. शेवटी पुन्हा माझंच मागणं आलं. खोडत नाही, राहू दे. मी कशी आहे ते कळेल.

नूतन

•

बोरमाची, ९ एप्रिल १९९९

अनसूया,

सुधीरबद्दल चंदूने सांगितलं. गौतमीच्याच कचेरीत आहे, मुलगा साव गावचा, निर्व्यसनी, दोघांनी आपापसात ठरवलंय. आनंद वाटला.

काल मुलाचे वडील आणि मामा इथे आले होते. मुलगी मुंबईची असली तरी कुळाची चौकशी गावात करायची, ती रीत अजून आहे. दुपारी आले, बोलत बसले, शेवटची एसटी चुकली, मग आमच्याकडेच राहिले. गुरुवार होता. पाहुण्यांना मध्ये बसवून सगळ्यांनी मालिका बघितली.

आणि काय सांगू, काल रत्नप्रभेचा निकाल लागला! धाकटीला भीती घालायला ती तळघरात उतरली, दार मागे लागलं, दिवा विझला. आजवर तिने केलेल्या सगळ्या बाहुल्या भिंतीला रांगेने बसलेल्या. पेटी वाजायला लागली. ती "मीच केलं, मीच केलं" ओरडत नखांनी दार ओरबाडते आहे, वर सगळे ऐकतात आणि कुणी उघडत नाही. दिवाणजी दागिन्यांचा डबा घेऊन पळाला तर कमान त्याच्या अंगावर कोसळली. डबा उघडला, आत नुसती माती. आमच्याकडे असा गलका झाला की म्हशी दावणीला उड्या मारायला लागल्या. रंगूबाईने तिथल्या तिथे गूळ वाटला. "घातलं का नाय गाऱ्हानं? बघा आता!" भावजी आत येऊन विचारतात, मेली का? त्यांनी बांबू धरून सगळी मालिका नुसती ऐकली आहे.

पाहुणे आज सकाळी गेले. चांगलं बोलणं झालं. तू काळजी करू नकोस, मी तुझ्याविषयी वावगं काही बोलले नाही.

नूतन

•

बोरमाची, ११ एप्रिल १९९९

अनसूया,

परवाचं पत्र खालच्या पेटीत टाकलं ते काल टपालात गेलं. नाहीतर परत घेतलं असतं. त्यात शेवटी 'चांगलं बोलणं झालं' असं लिहिलं ते खोटं आहे. वावगं बोलले नाही एवढं खरं.

झालं ते असं. मालिका संपली, गूळ तोंडात, सगळ्या खुशीत. सुधीरचे वडील म्हणाले, "आसल्या बाया खऱ्या बी आसतात. आमी त्याच कामाला आलोय." आणि मग त्यांनी तुझं नाव घेतलं. पोलादपूरच्या बाजारात कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की मुलीच्या आईला करणीपायी वाडीतून काढली होती.

रंगूबाई म्हणाली, "खोटं कशाला बोला? सापडलं व्हतं तिच्या ट्रंकंत. आमी डोळ्यांनी बघितलंय." आत्ताच त्या रत्नप्रभेला शिव्या घालून हिचा घसा बसला होता. बाहुली कुणी ठेवली ते टीव्हीत दाखवतात म्हणून कळतं. माझं कुणी दाखवलं नव्हतं.

मग त्यांनी मला विचारलं. "बाय, तुमी शिकलेल्या, बालवाडी चालवता. तुमच्याच घरातली गोष्ट. तुमी म्हनाल ते आमी खरं धरू. हाय का काय तसं?"

'नाही' एवढा एकच शब्द हवा होता. सगळं सांगायचीही गरज नव्हती.

मी म्हणाले, "जुनं झालं ते. आता कशाला उकरायचं?"

त्यांनी मामाकडे बघितलं. त्यानंतर लग्नाचा विषय निघाला नाही. सकाळी चहा घेऊन गेले, निघताना 'कळवतो' म्हणाले. 'कळवतो' म्हणजे काय ते तुला मला माहीत आहे.

म्हणजे तेरा वर्षांपूर्वी तुझं घर मोडलं आणि परवा तुझ्या मुलीचं, बसल्या जागी, गूळ खात. देवीने पाय मोडला असता तरी चाललं असतं, मनगटावर भागवायला नको होतं.

उद्या सकाळच्या गाडीने सावला जाते. भावजींना सांगितलं नाही. प्लास्टर काढायला जाते म्हणाले.

नूतन

•

बोरमाची, १९ एप्रिल १९९९

अनसूया,

आधी तुला हवं ते लिहिते. सुधीरच्या वडिलांनी हो म्हटलं. चंदूबरोबर निरोप येईलच, पण माझ्याकडून आधी कळावं.

सोमवारी सावला पोचले तेव्हा अकरा वाजले होते. लोक गरम पाण्याच्या कुंडावरून आंघोळी करून परतत होते. सुधीरची आई अंगणात सांडगे घालत होती. बसा म्हणाली. मी उभ्यानेच सांगितलं, नाहीतर बसल्यावर पुन्हा 'जुनं झालं' म्हणाले असते. लिंबू, चिंधी, अर्ज, सगळं. तिने हातातलं पीठ तसंच ठेवलं आणि नवऱ्याला हाक मारली. त्यांच्यापुढे पुन्हा सांगितलं. पाणी कुणी दिलं नाही आणि मी मागितलं नाही.

मग सुधीरचे वडील म्हणाले, "बाय, आमच्या अंगनात सांगून काय उपेग? शब्द तुमच्या वाडीत पडलाय, तो तुमच्या वाडीतच उचलाया पायजे. उद्या माजी सून म्हायेरच्या गावाला आली आनि तिच्या आयशीचं नाव निघालं तर मी सावातनं किती जनांना वरडून सांगू? तुमी तितं सांगा. आमची मानसं येतील आयकायला."

काल, रविवारी, सांगितलं. वाघजाईच्या देवळासमोर, सावची चार माणसं, आणि झाडून सगळी वाडी. सदू गुरवाने नारळ हातात घेतला, पण पुढे काय म्हणायचं ते त्याला सुचेना, तसा प्रसंग त्याच्या बापावरही आला नसेल. मीच बोलले. मी नूतन, राहणार बोरमाची, मुरारीची थोरली भावजय. अनसूयेच्या ट्रंकेत लिंबू मी ठेवलं. ती निर्दोष होती, माझ्या मनात पाप होतं.

वाटलं होतं कुणी ओरडेल, चप्पल काढेल. कुणी हललं नाही. सावची माणसं उठली, लग्नाला होकार समजा म्हणाली, नमस्कार केला आणि उतरणीला लागली, त्यांचं काम झालं होतं.

तुझे भावजी मागे उभे होते. मुरारीचं सामान त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून गाडीपर्यंत नेलं होतं. धाकट्या भावाला म्हणाले होते, बायको सोड नाहीतर घर सोड. माझ्या शब्दावर. मुरारी मेला तेव्हा मुंबईला जायला निघाले होते, कपडे घातले होते, मीच म्हटलं की तिथे ती असेल. काल घरी आले, जेवले नाहीत, आणि आता अंथरूण गोठ्याच्या पडवीत नेलं आहे. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं, आणि ते त्यांनाही कळतं, म्हणूनच मारत नाहीत.

आनंद वाटेल असं वाटलं होतं. हलकं वाटेल असं ऐकलं होतं. मला नुसती झोप येते आहे.

नूतन

•

बोरमाची, ३ मे १९९९

अनसूया,

तुझं कार्ड आलं. तेरा वर्षांत पहिलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उभं आणि स्वच्छ. "लग्न बारा तारखेला आहे, अधिक महिना लागायच्या आत. यावे." एवढंच. तीनदा वाचलं. 'यावे' कुणाला म्हणतात ते मला कळतं, परक्या माणसाला म्हणतात. तरी तीनदा वाचलं.

आता इथलं सांगते, म्हणजे मी जे ठरवलं आहे ते तुला कळेल.

त्या रविवारी देवळात मी बोलले आणि सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे बालवाडी उघडली. खिचडी शिजवली. पटावर तेरा पोरं. एकही आलं नाही. वाटलं, लाजेने आली नसतील, रागाने आली नसतील. मंगळवारीही नाही. बुधवारी गीताबाईच्या नातवाला वाटेत बघितलं, हाक मारली, तर त्याच्या आईने त्याला उचललं आणि पदराखाली घेतलं. माझी नजर लागू नये म्हणून.

मला समजायला त्यानंतर दोन दिवस लागले. रंगूबाई पाणवठ्यावर बोलत होती, मी मागे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. "लिंबू कसं बांधायचं, केस कसं गुंडाळायचं, ते हिला कुनी शिकवलंन गो? जिला येतं तीच करती. सोताचं पोर खाल्लंन, मग बिचाऱ्या जावंवर घातलंन. आनि आमी तिच्या हातची खिचडी पोरांना घालत व्हतो!"

मी हंडा तिथेच ठेवून परत आले. मी म्हणाले होते की लिंबू खोटं होतं. त्यांनी ऐकलं की लिंबू माझं होतं. करणी नसतेच, हे मी देवळात ओरडून सांगायला हवं होतं, ते राहून गेलं. आणि सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं असतं असं वाटत नाही. करणी आहे ती आहेच, फक्त घर बदललं.

मुख्यसेविका बाई येऊन गेल्या. पट तेरा, हजर शून्य. त्यांना काय सांगू? राजीनामा लिहून दिला. गुरुवारी ओटीवर कुणी येत नाही. नवी मालिका सुरू झाली म्हणे, मी लावत नाही. अँटेनाला हात लावायलाही कुणी नाही.

आणि एक गोष्ट कळली. त्या दिवशी ट्रंक उघडली, लिंबू निघालं, आणि तू एक शब्द बोलली नाहीस. मी तेरा वर्षं समजत होते की तू घाबरलीस. कधी कधी तर असंही वाटायचं, मी असते तर भांडले असते, ही गप्प राहिली म्हणजे हिच्याही मनात काही असेल. एवढी खाली उतरले होते मी. आता रोज पाणवठ्यावर उभी राहते तेव्हा तोंड उघडत नाही. बोललं की म्हणतात, मंत्र पुटपुटते. रडलं तर म्हणतात, सोंग करते. तू गौतमीचा हात धरून ती उतरण कशी उतरलीस? सहा वर्षांची पोर बरोबर, मागे सगळी वाडी बघत उभी. मी तर अजून इथेच, माझ्याच घरात आहे, तरी मला सहन होत नाही.

रत्नप्रभेचं बरं होतं. अर्ध्या तासात आटोपलं.

लग्नाला मला यायचं आहे. हे स्पष्ट लिहिते, नाहीतर तुला वाटेल की मानभावीपणा करते. पण तुझ्या मांडवात सावची माणसं असतील, पोलादपूरची असतील, गीताबाई तर येणारच. मी आले तर अक्षता पडायच्या आधी कुजबुज सुरू होईल, आणि पोरीच्या नव्या संसारात पहिल्याच दिवशी तो शब्द शिरेल. गौतमी पोटुशी राहिल्यावर काही झालं, साधा ताप जरी आला, तरी सुधीरच्या आईला माझा चेहरा आठवेल. तुझ्यावरून उतरलेला डाग पोरीला लागायला नको. म्हणून येत नाही. आजपर्यंत तुझ्यासाठी मी केलेली ही पहिली गोष्ट, आणि ती म्हणजे न येणं.

मागे लिहिलं होतं की एकदा येऊन गाऱ्हाणं उतरव. ते विसर. येऊ नकोस, पोरीलाही पाठवू नकोस. भावजी येतील. त्यांनी विचारलं नाही, पण ट्रंकेतून कोट काढून उन्हात घातला आहे. त्यांना मांडवात पुढे बसव, मुरारीच्या जागी. तुझ्याशी बोलायला त्यांना जमेल की नाही सांगता येत नाही. रडले तर रडू दे.

थोरल्या चुलतीने पोरीची ओटी भरायची असते. ती गीताबाईकडून भरून घे, तिला मान दिला की ती खूश असते आणि खूश असली की गप्प बसते.

आणि कुणी विचारलंच, थोरली चुलती का आली नाही, तर आजारी आहे म्हणून सांग. तुझ्या तोंडचं खोटं कुणाला लागणार नाही.

नूतन